कष्टकऱ्यांचं जुनं अमेरिकन तैलचित्र हाती आलं तर: आधी चित्राची पाठ वाचा

गोदीवर पोती उचलणारे हमाल, भट्टीपुढे उभे असलेले पोलाद कामगार, रात्रीच्या दिव्याखाली हिशेब जुळवणारी कारकून बाई, नोकरीच्या कचेरीत ताटकळत बसलेली माणसं. अमेरिकेत साधारण १९३० ते १९६० या काळात अशी तैलचित्रं मोठ्या संख्येनं रंगवली गेली. टॉमस हार्ट बेंटन, एडवर्ड हॉपर, रॅफाएल आणि आयझॅक सॉयर ही नावं आज संग्रहालयांत आहेत. पण याच विषयांवर तितक्याच आस्थेनं काम करणारे कितीतरी चित्रकार विस्मरणात गेले. त्यांची चित्रं माळ्यावरून, वारशाच्या विक्रीतून, छोट्या लिलावांतून बाहेर येतात, आणि तीही मळलेली, सही अर्धवट दिसणारी, चौकट खिळखिळी झालेली.

असं चित्र हाती आलं की पहिली ऊर्मी पुसून स्वच्छ करण्याची असते. या चित्रांचं सर्वांत जास्त नुकसान त्याच ऊर्मीनं झालं आहे. मळ आणखी सहा महिने राहिला तरी काही बिघडत नाही. पण पुसलेला रंग किंवा ओरबाडून काढलेली चिठ्ठी परत येत नाही. म्हणून आधी चित्र वाचायचं, नोंदवायचं, आणि मग हात लावायचा की नाही ते ठरवायचं.

उलटण्याआधी एक मिनिट

मोठं टेबल, त्यावर जाड घडी केलेलं ब्लँकेट, त्यावर धुतलेली साधी चादर. जवळ टॉर्च, दहापट मोठं दाखवणारं भिंग, इंचांची टेप, पेन्सिल आणि कॅमेरा. पेन टेबलावर ठेवूच नका. हात धुऊन कोरडे करा किंवा नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती हातमोजे चालणार नाहीत, कारण त्यांचे धागे उचललेल्या रंगाच्या टोकांत अडकतात आणि रंग उपटून काढतात.

चित्र उताणं ठेवा, खोलीतला दिवा मालवा आणि टॉर्च एका बाजूनं जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरा. असा तिरपा उजेड पडला की सगळे उंचसखल भाग दिसतात. तडे असतील तर काळजी नाही, तड्यांच्या कडा वर वळल्या असतील तर आहे. वाळलेल्या तळ्यातल्या चिखलाच्या खपल्या जशा वाटीसारख्या वळतात तसा रंग दिसला, किंवा चादरीवर रंगाचे कण सापडले, तर इथेच थांबा. चित्र उलटू नका, उभंही करू नका. आहे तसंच सपाट ठेवून संवर्धकाला, म्हणजे जुन्या चित्रांचं जतन आणि दुरुस्ती करणाऱ्या तज्ज्ञाला, फोन करा.

रंग घट्ट बसलेला असेल तरच चित्र पालथं घाला.

पाठीवर काय काय शोधायचं

चौकटीच्या मागे तपकिरी कागद चिकटवलेला असतो. तो टरकावू नका, आधी त्याचाच फोटो घ्या. चौकट बनवणाऱ्या दुकानाची चिठ्ठी बहुधा त्याच कागदावर असते. मग धारदार पात्यानं आतल्या कडेनं कापून कागद अखंड काढा आणि जपून ठेवा. चित्र चौकटीत खिळ्यांनी धरलेलं असेल तर खिळे पकडीनं सरळ बाहेर ओढा. आतल्या लाकडी सांगाड्याचा, म्हणजे स्ट्रेचरचा, टेकू घेऊन ते उचकटू नका, त्यानं कॅनव्हासला आतून ठोसा बसतो. सगळे खिळे निघाले तरी चित्र सुटत नसेल तर पुढच्या बाजूनं रंग किंवा व्हार्निश चौकटीच्या ओठाला चिकटलं आहे असं समजा आणि जोर लावू नका.

आता सगळ्या चिठ्ठ्या, शिक्के, खडूचे आकडे, पेन्सिलची अक्षरं यांचे फोटो घ्या. प्रत्येक चिठ्ठीचा जवळून वेगळा फोटो हवा, शेजारी मोजपट्टी ठेवून. चिठ्ठी सुटत आली असेल तर तिला गोंद लावू नका. पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात घाला आणि ते पाकीट पुढे मागच्या संरक्षक पुठ्ठ्याला जोडा.

चिठ्ठीवरच्या मजकुरापेक्षा पत्ता कसा लिहिला आहे ते जास्त बोलतं. अमेरिकेत पाच आकडी झिप कोड १ जुलै १९६३ ला सुरू झाला. त्याआधी, १९४३ पासून, मोठ्या शहरांत नावापुढे एक-दोन आकडी विभाग क्रमांक लिहीत: ‘न्यूयॉर्क २२’ असा. म्हणजे विभाग क्रमांक असलेली छापील चिठ्ठी १९४३ च्या आधीची नसते, आणि झिप कोड असलेली १९६३ च्या आधीची नसते. फोन नंबरची सुरुवात प्लाझा किंवा चेल्सी अशा एक्स्चेंजच्या नावानं होत असेल तर तीही जुनी खूण. मात्र ही तारीख चिठ्ठीची आहे. चित्र तिच्यापेक्षा वीस वर्षं जुनं असू शकतं, कारण चिठ्ठी प्रदर्शनाची, विक्रेत्याची किंवा नंतरच्या चौकटवाल्याची असते.

उलट एखादं वीस वर्षांनी नवं चित्र जुन्या स्ट्रेचरवरही ताणलेलं असतं. १९३० च्या दशकातल्या महामंदीत लाकूड आणि कॅनव्हास पुन्हा वापरणं ही रोजची गोष्ट होती. म्हणून एका खुणेवर कधी विसंबू नका. तीन खुणा एकाच काळाकडे बोट दाखवू लागल्या तर मनाशी काही ठरवा.

मागून दुसरं कापड चिकटवलेलं असेल आणि बोटाला मेणासारखं लागत असेल तर ते मेण-राळेचं अस्तर आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत ही दुरुस्तीची सर्रास पद्धत होती. त्या अस्तराखाली मूळ कापडावरचं नाव, साल, शीर्षक दडलेलं असू शकतं. ते स्वतः सोलून बघायचं नाही. संवर्धकाकडे अवरक्त प्रतिमेसारखे मार्ग असतात.

सरकारी शिक्का असेल तर

हा भाग नीट वाचा, कारण इथे मालकीचा प्रश्न येतो. मंदीच्या काळात अमेरिकन सरकारनं चित्रकारांना पगारावर ठेवलं. डिसेंबर १९३३ ते जून १९३४ पब्लिक वर्क्स ऑफ आर्ट प्रोजेक्ट चालला, १९३५ ते १९४३ फेडरल आर्ट प्रोजेक्ट, आणि खजिना खात्याचा वेगळा विभाग १९३४ ते १९४३ या काळात टपाल कचेऱ्यांसाठी भित्तिचित्रं करून घेत होता. कष्टकऱ्यांचे विषय या योजनांत मुबलक आहेत.

या योजनांत तयार झालेली चित्रं शाळा, ग्रंथालयं, कचेऱ्यांना बहुधा वापरासाठी दिलेली होती, मालकीहक्क सरकारकडेच राहिला. आजही असं चित्र बाजारात दिसलं तर सरकारी मालमत्ता सांभाळणारं जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन ही संस्था, म्हणजे जीएसए, त्यावर हक्क सांगू शकते. १९४३ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये बरेच कॅनव्हास रद्दीच्या भावात विकले गेले हेही खरं आहे. पण तेवढ्यावरून आपल्या हातातलं चित्र त्याच ढिगातलं असं मानून चालू नका. विकत घेण्याआधी किंवा विकण्याआधी फोटो पाठवून जीएसएच्या ललित कला विभागाकडे विचारणा करा.

शिक्क्याच्या शब्दांवरून सालही कळतं. फेडरल आर्ट प्रोजेक्ट ज्या खात्याखाली चालला त्याचं नाव १९३५ ते १९३९ ‘वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन’ होतं, १९३९ नंतर ते ‘वर्क प्रोजेक्ट्स ॲडमिनिस्ट्रेशन’ झालं. आद्याक्षरं दोन्हींची डब्ल्यूपीएच, त्यामुळे नुसत्या आद्याक्षरांवर थांबू नका, पूर्ण नाव वाचा.

आणखी एक खूण. लांबलचक आडवं चित्र, पाठीवर सफेद्याचे वाळलेले कठीण थर, कडा वेड्यावाकड्या फाटलेल्या: हे टपाल कचेरीच्या भिंतीवरून उपटलेलं भित्तिचित्र असण्याची शक्यता मोठी. तिथे बरीच चित्रं कॅनव्हासवर रंगवून, सफेद्याच्या लुकणानं भिंतीला चिकटवत. सफेदा म्हणजे शिशाचा विषारी पांढरा रंग. त्या पाठीवर हात घासू नका, धूळ उडवू नका, जेवणाच्या टेबलावर ते ठेवू नका.

कडा आणि आधार

कॅनव्हास कडेला कशानं ठोकला आहे ते पाहा. दुसऱ्या महायुद्धापर्यंत बहुतेक ठिकाणी लहान लोखंडी चुका, म्हणजे बारीक खिळे, असत. त्या गंजतात आणि भोवतीचं कापड कुजवतात. युद्धानंतर हातातल्या स्टेपल गनचा वापर वाढला. कडेला स्टेपल आहेत आणि शेजारी चुकांची रिकामी, गंजाचे डाग पडलेली भोकंही आहेत, तर कॅनव्हास नंतर कधीतरी पुन्हा ताणला गेला. तेव्हा कडा कापल्या गेल्या का ते बघा: रंगवलेला भाग वळणावर अचानक तुटतो का, सहीचं शेवटचं अक्षर कडेवर गेलं आहे का.

अमेरिकन तयार स्ट्रेचर इंचांच्या ठरलेल्या मापांत मिळत: १६ बाय २०, १८ बाय २४, २० बाय २४, २४ बाय ३०, ३० बाय ४०. चित्र यातल्या एका मापाचं असेल तर विशेष काही नाही. ते २३ आणि एक अष्टमांश बाय २७ असं विचित्र निघालं तर मात्र कापल्याचा संशय घ्या. माप चौकटीबाहेर काढून घ्यायचं, आधी उंची, मग रुंदी, एक अष्टमांश इंचापर्यंत.

कापडाऐवजी तपकिरी कठीण बोर्ड असेल, एक बाजू गुळगुळीत आणि दुसरीवर जाळीचा ठसा, तर तो मॅसोनाइट किंवा त्याच जातीचा दाबलेला बोर्ड. विल्यम मेसननं १९२४ मध्ये मिसिसिपीतल्या लॉरेल गावी तो शोधून काढला, आणि १९३० च्या दशकापासून चित्रकार तो वापरू लागले, कारण स्वस्त होता आणि ठोसा सहन करत होता. त्याचं वैरी म्हणजे पाणी. ओल लागली की कोपरे फुगून पापुद्रे सुटतात आणि वाळल्यावरही पूर्ववत बसत नाहीत. कोपऱ्यांवर पकडून तो उचलू नका.

कॅनव्हासच्या खालच्या डाव्या किंवा उजव्या कोपऱ्याजवळ पुढून एक लांबट फुगवटा दिसतो का? भोवती अर्धवर्तुळाकार तडे? याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. स्ट्रेचरच्या कोपऱ्यात बसवलेली लाकडी पाचर निसटून खालच्या पट्टीच्या आणि कॅनव्हासच्या मधल्या फटीत पडलेली असते आणि वर्षानुवर्षं आतून दाबत राहते. सुरी किंवा पट्टी आत घालू नका. चित्र उभं धरून हळूच एका बाजूला कलवा, पाचर सरकून कोपऱ्याकडे आली की पातळ ताठ कार्डाच्या पट्टीनं बाहेर ढकला. अडकली असेल तर सोडून द्या. पाचरी हातोडीनं ठोकून कॅनव्हास ताणायचा मोह तर नकोच. जुना रंग ताण घेत नाही, तडकतो.

आता पुढचा भाग

अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च वापरा. डोळ्यांना अतिनील किरण अडवणारा चष्मा हवा, आणि अंधाराला डोळे सरावायला पाच मिनिटं द्या. डॅमरसारख्या, म्हणजे झाडाच्या चिकापासूनच्या, नैसर्गिक राळेचं जुनं व्हार्निश हिरवट-पिवळसर धुक्यासारखं चमकतं. त्या धुक्यावर काळे-जांभळे ठिपके दिसले तर तो नंतरचा रंग, म्हणजे दुरुस्ती. पांढऱ्या रंगांपैकी झिंक व्हाइट झगझगीत पिवळट-हिरवं दिसतं, टिटॅनियम व्हाइट गडद. संपूर्ण चित्र कुठेही धुकं न दाखवता असमान रंगात दिसलं तर बहुधा व्हार्निशच नाही. या काळातल्या बऱ्याच चित्रकारांना मॅट पृष्ठभाग हवा असे आणि ते मुद्दाम व्हार्निश लावत नसत. अशा चित्रावर कोणी उत्साहानं चकचकीत व्हार्निश मारलं तर गिरणीतला धुरकट उजेड तेलकट होतो आणि चित्रकारानं साधलेला रंगांचा तोल जातो.

झिंक व्हाइटकडे खास लक्ष द्या. ते वाळून ठिसूळ होतं आणि खालच्या थराला धरून राहत नाही. त्यामुळे चित्रातल्या पांढऱ्या जागा, म्हणजे खाटकाचा ॲप्रन, नर्सची टोपी, बर्फ, कारखान्याच्या खिडक्यांचा उजेड, आधी सुटू लागतात. तिथे भिंगानं पाहा.

सही भिंगाखाली तपासा. मूळ सही रंगाबरोबरच वाळते, म्हणून तडा रंगातून येतो तसाच अक्षरातूनही आरपार जातो. नंतर घातलेल्या सहीचा रंग तड्यात उतरलेला दिसतो, किंवा तडा ओलांडताना अक्षर अखंड राहतं. अतिनील उजेडात सही व्हार्निशच्या वर तरंगताना दिसली तरीही सावध व्हा. बेवारस चित्राला नावाजलेलं नाव चिकटवणं हा सर्वांत स्वस्त खोटेपणा आहे.

रंगद्रव्यांवरून काळाची खालची सीमा कळते. थॅलो ब्ल्यू हा तीव्र, हिरवट झाक असलेला निळा १९३५ मध्ये बाजारात आला. तो मूळ थरात असेल तर ‘१९२८’ ही तारीख खोटी. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग कलाकारांसाठी १९५५ च्या सुमारास आले. पण नुसत्या डोळ्यांनी हे ठरवू नका, निळ्याला निळा म्हणणं आणि थॅलो म्हणणं यात प्रयोगशाळेचं अंतर आहे.

छापील प्रतिमा उपलब्ध असेल तर तिच्याशी रेष न् रेष ताडून बघा. नॉर्मन रॉकवेल या अमेरिकन चित्रकाराचं ‘ब्रेकिंग होम टाइज’ हे मासिकाच्या मुखपृष्ठासाठी केलेलं १९५४ चं चित्र घ्या, कामाच्या कपड्यांतला थकलेला बाप आणि कॉलेजला निघालेला मुलगा. मासिकाच्या मुखपृष्ठाशी तुलना करता प्रदर्शनातल्या चित्रात फरक दिसत होते, आणि ते वाईट दुरुस्तीच्या खाती टाकले गेले. २००६ मध्ये मालकाच्या व्हरमाँटमधल्या घरात लाकडी भिंतीमागे मूळ चित्र सापडलं. प्रदर्शनात होती ती व्यंगचित्रकार मालकानं स्वतः रंगवलेली नक्कल. फरक दिसला तर त्याचं सोयीस्कर स्पष्टीकरण शोधण्याआधी तो फरक लिहून ठेवा.

चित्रातल्या वस्तू काय सांगतात

कष्टाच्या चित्रांचा हा मोठा फायदा: हत्यारं आणि कपडे यांना तारखा असतात. खाण कामगाराच्या टोपीवर पितळी दिवा आणि परावर्तकापुढे ज्योत असेल तर तो कार्बाइडचा. टोपीवरून पाठीमागे वायर उतरून कमरेच्या बॅटरीला जात असेल तर विजेचा. छताला लांब नळीचे फ्लुरोसंट दिवे असतील तर चित्र १९३८ च्या आधीचं नाही, कारण ते दिवे त्याच साली विक्रीला आले. अमेरिकन ध्वजातले तारे आडव्या-उभ्या सरळ रांगांत असतील तर ४८ ताऱ्यांचा ध्वज, जो ४ जुलै १९५९ पर्यंत होता. तारे एकाआड एक सरकलेले असतील तर त्यानंतरचा. छातीवरच्या बिल्ल्यावर फक्त ‘सीआयओ’ (अमेरिकन कामगार संघटनांचा एक महासंघ) असेल तर १९३५ आणि १९५५ या सालांच्या मधलं कामगार राजकारण समोर आहे, कारण डिसेंबर १९५५ मध्ये ती संघटना एएफएल या दुसऱ्या महासंघात विलीन झाली. वेल्डिंगचा मुखवटा चढवलेली बाई दिसली तर युद्धकाळ आधी तपासा.

यातून ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच ठामपणे कळतं. चित्रकार आठवणीतून दहा वर्षांपूर्वीची खाण रंगवू शकतो, आणि या पिढीनं ते वारंवार केलं.

नाव हाती लागलं की अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालय संस्थेच्या आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्टमध्ये शोधा. १९५४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहात चित्रकारांची पत्रं, हिशेबाच्या वह्या, प्रदर्शनाच्या याद्या आहेत. चित्रकाराची वही सापडली तर दुसरं काही लागत नाही: हॉपरच्या चित्रांच्या वहीत त्याची पत्नी जोसेफिन हिनं माप, रंग, किंमत आणि खरेदीदार यांच्या नोंदी ठेवल्या आहेत, शेजारी छोटं रेखाटनही आहे.

काय साफ करायचं, काय नाही

ब्रेडचा गर, बटाट्याची फोड, कांदा, साबणाचं पाणी, बेबी वाइप्स, टर्पेंटाइन: यातलं काहीही नको. ब्रेडचे कण तड्यांत बसून किडे आणि बुरशीला बोलावतात, बटाट्याचा स्टार्च वाळून पापुद्रा धरतो. या काळातली व्हार्निश न केलेली चित्रं नुसत्या पाण्यालाही संवेदनशील असू शकतात, ओल्या बोळ्यावर थेट रंगच येतो. निकोटिनचा तपकिरी थर निघतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात चित्रकारानं चढवलेली पातळ तपकिरी छटा निघत असते. बोळ्याकडे बघून हा फरक कळत नाही.

तिरप्या उजेडात रंग घट्ट दिसला असेल तर फक्त कोरडी धूळ काढा. चित्र उभं, किंचित पुढे झुकवून धरा, म्हणजे धूळ खाली पडेल. शेळीच्या केसांचा दोन इंची मऊ कुंचला वरून खाली, वजन न देता फिरवा. व्हॅक्युमची नळी चार-पाच इंच दूर, तिच्या तोंडावर जाळीचं कापड बांधून धरा, म्हणजे रंगाचा कण सुटलाच तर तो जाळीवर सापडेल. पाठीवरची धूळही अशीच काढा, पण चिठ्ठ्यांना वळसा घालून.

बाकी काम संवर्धकाचं. अमेरिकन इन्स्टिट्यूट फॉर कॉन्झर्व्हेशनच्या यादीतून चित्रांवर काम करणारी व्यक्ती निवडा आणि काम सोपवण्याआधी लेखी स्थिती-अहवाल मागा.

टांगताना आणि नेताना

मागून संरक्षक पुठ्ठा बसवा, तोही स्ट्रेचरच्या लाकडाला स्क्रूनं, कॅनव्हासला न टेकवता. या एका गोष्टीनं धूळ, धक्के आणि आर्द्रतेचे चढउतार तिन्ही कमी होतात. चौकटीच्या दोन्ही बाजूंना डी आकाराच्या कड्या आणि भिंतीत दोन वेगळे हुक, एका तारेवर भार नको. खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बूच लावा, म्हणजे मागे हवा खेळती राहील. फायरप्लेसच्या वर, रेडिएटरजवळ किंवा न्हाणीघराच्या भिंतीवर टांगू नका. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के, तापमान १८ ते २२ अंश, उजेड २०० लक्सच्या आत, थेट ऊन अजिबात नाही.

नेताना बबल रॅप थेट रंगावर आला की उन्हात तापलेल्या गाडीत त्याचे गोल ठसे चित्रावर कायमचे उमटतात. आधी कोपऱ्यांना पुठ्ठ्याची टोपणं, मग पुढे कॅनव्हासला न टेकणारा ताठ पुठ्ठा, त्यावर बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. गाडीत चित्र उभं ठेवा, रंगाची बाजू प्रवासाच्या दिशेला समांतर. हिवाळ्यात बाहेरून आणलेलं चित्र लगेच उघडू नका. थंडीत तेलरंग कडक आणि ठिसूळ होतो, शिवाय गरम खोलीत त्यावर दव धरतं. गुंडाळलेलं तसंच २४ तास घरात राहू द्या, मग टेप कापा.